एक हात

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिची रात्रपाळी असली की मी माझी चादर बगलेत मारून इस्राएल आळीत आजींकडे झोपायला जायचे. आजी म्हणजे आईच्या मैत्रिणीची सासू. अलिबागच्या त्या आळीत तेव्हा बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, घरं अजून बरीच होती. आजींचा नातू माझ्याच वयाचा, त्यामुळे आम्हा दोघांना एकाच गोधडीवर ढकलून दिलं की त्यांचं काम संपायचं. दिवा घालवायच्या आधी मात्र त्या नातवाला म्हणायच्या, "डोळ्यांवर हात ठेव. शेमा म्हण."

तो उजवा तळवा डोळ्यांवर दाबायचा आणि एक ओळ भराभर म्हणून टाकायचा. शेवटच्या शब्दाला आजी त्याच्या सुरात सूर मिसळायच्या आणि तो शब्द लांबवायच्या. "एहाऽऽद."

मला ते "एक हाऽऽत" ऐकू यायचं. डोळ्यांवर एक हात ठेवलाय, म्हणून एक हात. यात काही न कळण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नाही. मीही म्हणायचे. एकदा नातवाने आजींकडे तक्रार केली की ही चुकीचं म्हणते. आजी म्हणाल्या, "म्हणूंदे रे. देव काय व्याकरण तपासतो?"

पुढे १९८४ च्या सुमारास ते सगळे इस्रायलला गेले. आजी गेल्या नाहीत. त्यांना नवगावच्या वाटेवरच्या त्या दोन मातीच्या उंचवट्यांजवळचा समुद्र सोडवत नव्हता, असं त्या म्हणायच्या; खरं कारण गुडघे होते. नातू बेरशेबाला स्थिरावला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्यानंच नको म्हटलंय. फोनवर आम्ही अजून ज्या मराठीत बोलतो ती अलिबागची १९८४ सालची मराठी आहे. तिच्यात ना त्याच्या हिब्रूनं फारशी ढवळाढवळ केली, ना माझ्या मुंबईनं.

त्या ओळीचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला. "शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद." ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. हिब्रूत सहा शब्द. एहाद म्हणजे एक, हात नव्हे. आणि कोकणात या सहा शब्दांची गोष्ट फार जुनी आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच, त्या दोन उंचवट्यांत, पुरलं, ग्रंथ सगळे समुद्रात गेले, अशी बेने इस्राएलांची कथा. उरलेले लोक तेलाचे घाणे चालवायला लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. भाषा गेली, प्रार्थना गेल्या, सणांना मराठी नावं पडली. राहिलं काय? सुंता, शनिवारची सुट्टी, खवले नसलेला मासा न खाणं आणि ही एक ओळ. बारसं असो, लग्न असो, मयत असो, तीच ओळ. दुसरी येतच नव्हती. दावीद राहबी नावाचा कुणी धर्मबंधू पुढे कोकणात आला (तो नक्की कोणत्या शतकात, यावर अभ्यासक अजून भांडतात) आणि त्याला हे तेली यहुदी आहेत हे पटलं, त्यात या ओळीचाही वाटा होता.

हे सगळं मला एका माणसाबद्दल लिहायचंय म्हणून आठवलं. तो कोकणातला नव्हता, त्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता.

२००६ चा जुलै मुंबईत राहणारं कुणी विसरणार नाही. ११ तारखेला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. त्या रात्री बेरशेबाहून फोन लागत नव्हता, तरी नातवानं तो लावत ठेवला. पहाटे लागला तेव्हा पलीकडून पहिलं वाक्य आलं, "कुठल्या गाडीने जातेस गो तू?" दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, हिजबुल्लाहने सीमेवर दोन इस्रायली सैनिक पळवले आणि लेबनॉनचं युद्ध सुरू झालं. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत ते आतल्या पानांवर होतं. महिनाअखेरीस फोन करायची पाळी माझी होती. बेरशेबा दक्षिणेला, तिथे तेव्हा काही पडत नव्हतं, पण तो गप्प गप्प होता. म्हणाला, "काल एकजण गेला. शेमा म्हणत गेला." मग म्हणाला, "आजीची आठवण झाली."

मेजर रोई क्लाइन. गोलानी ब्रिगेडच्या ५१ व्या बटालियनचा उपप्रमुख. २६ जुलैला दक्षिण लेबनॉनमधल्या बिंत जबेल गावात त्या बटालियनचे आठजण मारले गेले, त्यांतला एक. भिंतीपलीकडून हातबॉम्ब आला. क्लाइन त्याच्या हाताखालच्या पोरांच्या आणि बॉम्बच्या मधे पडला, बॉम्बवर. पडताना "शेमा यिस्राएल" ओरडला, हे शेजारच्यांनी ऐकलं. वाचलेले सैनिक आणखी सांगतात की जखमी अवस्थेत त्यानं बिनतारी यंत्रावर स्वतःच कळवलं की क्लाइन गेला. म्हणजे त्याच्या मागे कुणी त्याला शोधत बसू नये.

ही गोष्ट इस्रायलमध्ये शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर इतुर हा-ओझ मिळालं, तिथलं शौर्याचं दुसऱ्या क्रमांकाचं पदक. मला या गोष्टीचा त्रास होतो तो वेगळ्याच जागी. ही गोष्ट सांगणारा प्रत्येकजण तेवढेच चार सेकंद सांगतो. भिंत, बॉम्ब, उडी, ओळ. आपल्याकडे बाजीप्रभूंचं आपण तेच केलंय. खिंडीआधी त्यांना जेवणात काय आवडायचं, कुणाला माहीत आहे? चार सेकंदांचा माणूस पोस्टरवर छान बसतो. एकतीस वर्षांचा बसत नाही.

तर त्या उरलेल्या वर्षांतलं मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते. तेल अवीवच्या उत्तरेला रअनाना म्हणून शहर आहे, तिथला जन्म, १९७५ चा. शाळेनंतर एली इथल्या बनेइ दावीद या संस्थेत गेला. ही धार्मिक मुलांची सैन्यपूर्व अकादमी, १९८८ साली सुरू झालेली, या प्रकारची पहिली. सैन्यात जाण्याआधी वर्षभर किंवा जास्त तिथे राहायचं, तोरा म्हणजे यहुदी धर्मशास्त्र शिकायचं, वाद घालायचे आणि मग इतर सगळ्यांसारखी पूर्ण नोकरी करायची. त्याआधी धार्मिक मुलांपुढे मुख्यतः हेस्देरचा मार्ग असे. त्यात पाच वर्षांच्या धर्मशिक्षणात मधे थोडं सैन्य. काळ्या टोपीवाले कर्मठ तर बहुतेक जातच नाहीत आणि त्यावरून तिथे रोज भांडण चालू असतं. विणलेली किप्पा घालणारे मात्र जातात, आणि हट्टानं पुढच्या तुकड्यांत जातात. क्लाइन विणलेल्या टोपीवाल्यांतला.

शपथविधीची एक गंमत नातवानं मला सांगितली होती. तिथे रायफल आणि पवित्र शास्त्र हातात देऊन सैनिकाला शपथ देतात. सगळे एका आवाजात म्हणतात, मी शपथ घेतो. धार्मिक मुलं मात्र म्हणतात, मी जाहीर करतो. कारण शपथ मोडली तर पाप, आणि माणसाचा काय भरवसा. मला हे फार आवडलं. देवावर इतका विश्वास आणि स्वतःवर इतका अविश्वास, एकाच वाक्यात.

सैन्यात असतानाच क्लाइननं बेरशेबाच्या बेन-गुरियन विद्यापीठात औद्योगिक अभियांत्रिकी केली. अभ्यासात हुशार. आणि हे ऐका, तो सॅक्सोफोन वाजवायला शिकत होता. मेजरच्या हुद्द्यावरचा, दोन लहान मुलांचा बाप, उपप्रमुखाची डोकेदुखी सांभाळणारा माणूस सॅक्सोफोनच्या शिकवणीला जातो. ज्यानं कधी मोठेपणी वाद्य शिकायला घेतलंय त्याला माहीत आहे की सुरुवातीची दोन वर्षं घरच्यांचे हाल असतात. मी चाळिशीत संवादिनी घेतली तेव्हा शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली होती. मला क्लाइनची ती चिरकणारी, चुकीची सुरावट ऐकायला आवडली असती. ती कुणी सांगत नाही.

आणि एक गोष्ट आहे जी त्याच्या चाहत्यांना सांगायला आवडत नाही आणि त्याच्या विरोधकांना तीच तेवढी सांगायची असते. तो राहायचा ते घर वेस्ट बँकमधल्या एलीच्या हायोवेल वस्तीत होतं. ती जमीन पॅलेस्टिनी मालकीची आहे असा दावा होता, शांततावादी संघटनेनं न्यायालयात याचिका केली होती आणि पाडायच्या घरांच्या यादीत हे घर होतं. त्याच्या मृत्यूनंतर या घरावरून देशभर वाद झाला. मला या वादात एकाच बाजूला उभं राहता येत नाही. जमीन ज्याची त्याची, हे मला शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे रक्तात कळतं. सातबाऱ्यावरची एक चुकीची नोंद तीन पिढ्या कशी खाते ते मी पाहिलंय. आणि त्याच घरात एक बाई दोन पोरांना रात्री डोळ्यांवर हात ठेवायला शिकवत असणार, तेही मला दिसतं. दोन्ही खरं. एकानं दुसरं पुसलं जात नाही, आणि मी पुसायला जाणारही नाही.

बिंत जबेलमध्येही घरं होती. त्या चौतीस दिवसांत अकराशेच्या वर लेबनीज माणसं मेली, त्यांत बरीचशी साधी माणसं. इस्रायलची दीडशेच्या वर. त्या गावाचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. युद्धानंतर इस्रायल सरकारनंच नेमलेल्या विनोग्राड आयोगानं पंतप्रधानांपासून सेनाप्रमुखांपर्यंत सगळ्यांना नीट विचार न करता युद्धात उडी घेतली म्हणून झापलं. नातवाला मी एकदा विचारलं, मग त्या आठजणांचं काय? तो बराच वेळ बोलला नाही. म्हणाला, "त्याला कुणी विचारलं नव्हतं ना, युद्ध बरोबर आहे काय म्हणून. बॉम्ब आला, एवढंच त्याच्यापुढे होतं."

काही वर्षांनी मी तिकडे गेले. जेरुसलेमला हर्झल टेकडीवरच्या सैनिकी दफनभूमीत नातवानं मला नेलं. मला वाटलं होतं भलंमोठं स्मारक असेल. तसं काही नाही. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या ओळी, देवदार-पाइनची सावली, आणि सगळ्या कबरी एकसारख्या. शिपाई असो की मोठा अधिकारी, तोच आकार. दगडी चौकट, तिच्यात माती, मातीत रोजमेरी लावलेली, आणि डोक्याशी थोडा तिरका ठेवलेला छोटा दगड. त्यावर नाव, आईबापांची नावं, जन्म कुठला, पडला कुठे, वय. त्या डोक्याकडच्या दगडाला तिथे उशीच म्हणतात. मला हे नातवानं सांगितलं आणि मी क्षणभर दुसरीकडेच बघत राहिले. ओळीनं गाद्या घातलेल्या, प्रत्येकीला उशी, आणि हिरव्या वासाचं पांघरूण.

शेजारच्या ओळीत एक बाई प्लॅस्टिकच्या बादलीत फडकं बुडवून एका उशीवरची धूळ पुसत होती. अक्षरांच्या खाचांतून करंगळीनं मळ काढत होती, आपण देवाच्या मूर्तीच्या कानामागचा चंदनाचा वाळलेला थर काढतो तशी. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही.

क्लाइनच्या कबरीवर खडे होते, पुष्कळ. यहुदी कबरीवर सहसा फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. नातवानं खिशातून एक काढला. मी वाकून पाहिलं, तो काळा, गुळगुळीत होता, तिथल्या पांढऱ्या चुनखडीचा नव्हे. "नवगावचा," तो म्हणाला. मागच्या वेळी अलिबागला आला तेव्हा मूठभर घेऊन गेला होता. कुणासाठी म्हणून ठरवलं नव्हतं.

तिथेच बसून त्यानं मला तारखा जुळवून दाखवल्या. क्लाइन गेला ते अव महिन्याच्या पहिल्या तिथीला. दफन दुसऱ्या दिवशी, आणि यहुदी पंचांगाप्रमाणे तो त्याचा एकतिसावा वाढदिवस. अवचे पहिले नऊ दिवस यहुद्यांचे शोकाचेच; नवव्या दिवशी जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेल्याचा कडक उपास. मी म्हटलं, "म्हणजे बिरड्याचा रोजा!" तो मोठ्यानं हसला, त्या जागी हसू नये इतक्या मोठ्यानं. आळीत त्या उपासाचं नाव तेच. उपास सोडायचा तो मोड आलेल्या वालाच्या बिरड्यानं. आदल्या दिवशी आजी आम्हा दोघांना वाल सोलायला बसवायच्या. आमची बोटं सालांनी चिकट व्हायची. दोन हजार वर्षांपूर्वी पडलेलं मंदिर आमच्यासाठी त्या चिकटपणाइतकंच लांब होतं.

दफनानंतर सात दिवसांचा शिवा, म्हणजे घरी बसून पाळायचा शोक, आणि कद्दीश ही प्रार्थना. कद्दीश मुलानं बापासाठी म्हणायची असते. इथे कित्येक कबरींवर बापांनी मुलांसाठी म्हटली. तिच्यात मरणाचा एक शब्द नाही, सगळी देवाची स्तुती. नातू म्हणाला, तिची भाषाही हिब्रू नाही, अरामी आहे, त्या काळची रोजच्या बोलण्यातली. मला ते बरोबर वाटलं. त्या वेळी माणसाला दुसऱ्याची भाषा कुठून सुचणार.

शेमाबद्दल एक जुनी गोष्ट आहे ती मात्र सांगायला हवी, कारण क्लाइन ती नक्की शिकलेला असणार. रब्बी अकिवाला रोमन लोकांनी लोखंडी कंगव्यांनी सोलून मारलं. ती शेमाची वेळ होती. तो म्हणू लागला. शिष्य म्हणाले, गुरुजी, इथपर्यंत? तो म्हणाला, "आपल्या सर्व जिवाने देवावर प्रीती कर" या ओळीनं मी आयुष्यभर अस्वस्थ होतो. ती पाळायची वेळ आपल्यावर कधी येणार म्हणून. आता आली, मग सोडू? आणि एहाद हा शब्द लांबवत लांबवत त्यानं प्राण सोडला. मला ही गोष्ट ऐकून भीती वाटते. ज्या धर्मात अशी गोष्ट मुलांना शिकवतात तिथे काही मुलं ती खरी करून दाखवणारच.

पण शेमात ती ओळ जिथे आहे, त्याच्या लगेच पुढे काय आहे पाहा. ही वचनं मुलांना शिकव. घरी बसताना बोल, वाटेनं जाताना बोल, निजताना आणि उठताना बोल. दाराच्या चौकटींवर लिही. सर्व जिवाने, आणि लगेच अंथरूण, वाट, दार. बापलेकांचं साधं घर. मला राहून राहून वाटतं, बिंत जबेलला त्या भिंतीजवळ अकिवा नव्हता. तिथे जे तोंडात आलं ते रअनानातल्या कुठल्यातरी अंथरुणात, दिवा घालवायच्या आधी, कंटाळत भराभर म्हटलेलं होतं. इतक्या कमी वेळात माणसाच्या तोंडी दुसरं काय येणार? विचार करून म्हणायला वेळच नव्हता. आजी म्हणायच्या, झोपेत मेलास तर तोंडात देव असावा म्हणून रोज म्हणायचं. हे त्या अगदी सहज म्हणायच्या, आणि आम्ही दोघं सहज झोपायचो.

आजी १९९१ ला गेल्या, झोपेतच. घर विकलं गेलं. दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा होता, छोटी नळी, आत शेमा लिहिलेली गुंडाळी. तो नातेवाइकांनी काढून नेला. मी मध्यंतरी आळीत गेले होते. नव्या मालकानं चौकटीला तपकिरी ऑइलपेंट मारलाय, तरी दोन बुजवलेली खिळ्यांची भोकं दिसतात, एक वर, एक खाली, सरळ रेषेत नाहीत. आजींचा मेझुझा तिरका लावलेला होता.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस गाझात दिमोनाचा एक भारतीय वंशाचा मुलगा मारला गेला, वीस वर्षांचा. दिमोना म्हणजे बेरशेबापासून अर्ध्या-पाऊण तासावर. आपल्याकडून गेलेली पुष्कळ कुटुंबं तिथे आहेत, दुकानांत पोहे आणि रवा मिळतो. नातू त्या घरी शिवाला जाऊन आला. फोनवर म्हणाला, खुर्च्या कमी पडल्या. दुसरं काही सांगितलं नाही. त्या वर्षभरात गाझातून आकडे येत राहिले, हजारांमध्ये, आणि मी कित्येकदा फोन हातात घेऊन खाली ठेवला. काय बोलायचं ते कळेना. त्याच्या दुःखाला बरोबरीचं दुसरं दुःख सांगायचं म्हणजे ते हिसकावून घेतल्यासारखं, आणि न सांगायचं म्हणजे खोटं बोलल्यासारखं. शेवटी एकदा सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे. तू सांगितलंस ते बरं केलंस." मग आम्ही आंब्यांच्या भावावर बोललो.

त्याच्या धाकट्या मुलाला भरतीची नोटीस आली आहे. हा मुलगा देवधर्म करणारा नव्हे. कानात सदा ते पांढरे इयरफोन, मराठी कळते पण उत्तर हिब्रूत. परवा दुपारी मी फोन केला. तिकडे सकाळ होती. हवामान, गुडघे, त्याच्या बायकोचं लोणचं, सगळं झालं. मग तो एकदम म्हणाला, "तू अजून म्हणतेस काय गो, झोपताना?"

"एक हात," मी म्हटलं.

तो हसेल म्हणून मी थांबले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लोटल्याचा.

"हळू बोल," तो म्हणाला. "पोर झोपलंय."